आपलं आगर

हायकोर्टाच्या भाषांतर विभागात माझं टेबल खिडकीपाशी आहे.
खिडकी उघडत नाही.
ती बांधकाम खात्याची की पुरातत्त्वची, ठरायचंय.

सहा वर्षं माझ्याकडे एक दावा येतो,
भांडुपच्या पूर्वेला, खाडीलगतच्या पिरोजा आगराचा.
केंद्र म्हणतं, मीठ आमच्या यादीत.
राज्य म्हणतं, जमीन आमच्या यादीत.
दोघांचंही खरं. घटनेत तसंच आहे.
फक्त मीठ जमिनीपासून नेमकं कधी सुटतं
ते लिहायचं राहिलं.
एका प्रतिज्ञापत्रात: पाणी आटल्यावर.
दुसऱ्यात: फावड्यानं ओढल्यावर.
तिसरं एकशे बारा पानांचं आहे,
त्यात मीठ हा शब्द चाळीसाव्या पानावर येतो.

तोवर जैसे थे.
आदेशातल्या दोन लॅटिन शब्दांसाठी
हे दोन मीच लिहिले होते,
आणि बरं वाटलं होतं, इतके मोजके जमले म्हणून.

चैत्री पुनवेच्या उधाणाला प्रत मिळाली नसावी.
बाहेरचा बांध फुटला.
कोंड्यांत मीठ धरलेलं, ओढायला आलेलं.
पोशीराम घरतांनी मीठ खात्याला अर्ज केला.
उत्तर: बांध मातीचा आहे, माती कलेक्टरची.
कलेक्टर कचेरी: बांध खारं पाणी अडवतो, सबब मीठ खातं.
तिसरं पत्र न मागता आलं,
की पन्नास मीटरवर तिवरं आहेत, हात लावू नये.

चौथ्या रात्री ते, त्यांची सून शेवंती
आणि डहाणूकडचे दोन गडी,
घमेल्यानं चिखल टाकत राहिले, भरतीच्या आत.
सकाळी फोटो निघाले. दोन्हीकडून.

अवमान याचिकेत पहिल्यांदाच
दोन्ही सरकारांचे वकील एका बाकावर बसले.
एकाला खोकला आला तर दुसऱ्यानं पाणी पुढं केलं.

घरतांची साक्ष मी उतरवली.
"बांध फुटला, तं मी बांधला. आपलं आगर हाय."
इंग्रजीत एकच शब्द आहे, तोच मी टाकला.
तारापोरवाला उठलेच: बघा, साक्षीदार मालकी सांगतोय!
राज्याचे वकील म्हणाले, विद्वान मित्रांशी सहमत.

न्यायमूर्तींनी मला बोलावलं.
सहा वर्षांत कोर्टात मी तोंड उघडलं नव्हतं.
म्हटलं, माय लॉर्ड, मराठीत दोन आहेत.
आमचं म्हणजे समोरच्याला सोडून.
आपलं म्हणजे समोरच्याला धरून.
ते दुसरं म्हणाले.

म्हणजे हे कोर्टही धरून?
हो.
आणि हे दोघं?
तेही.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
घरत आपल्या चपलांकडे बघत होते,
अंगठ्याच्या नखात राखाडी गाळ, अजून.

सांगितलं नाही ते असं,
की मोठ्या माणसापुढं हात जोडून म्हटलं
तर आपलं म्हणजे निव्वळ तुमचं.
ते कळलं असतं तर बाकावरच्या दोघांत
तिथंच भांडण पेटलं असतं, तुमचं म्हणजे कुणाचं.

तारीख पडली. चार आठवडे. जैसे थे.

जिन्यात घरतांनी मला गाठलं,
वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी हातात दिली.
जाडं, करडं मीठ, मधूनच एखादी काडी.
मी दचकले. काका, हा मुद्देमाल आहे का?
"नाय गो. मुद्देमाल कसला," ते म्हणाले,
"आपलं असंच."

हा अर्थ मी कोर्टात विसरलेच होते.

पुडी खणात ठेवली, शिक्क्यांच्या मागं.
घरी न्यायची रोज राहून जाते.
जूनमध्ये कागद ओला झाला,
जुलैत पाणी खालच्या फायलीवर उतरलं,
आता खण ओढताना अडकतो.
अर्ज लिहायला घेतलाय,
कुणाच्या नावानं, ते विचारून येते.